घरट्यासमोरचा पाहुणा

वैशाखांतील दुपारीं माळावरचें ऊन असें पेटलेलें असतें कीं, दगडावर हात ठेववत नाहीं. अशा वेळीं त्याच दगडगोट्यांत टिटवी आपल्या अंड्यांशीं उभी असते. तिला घरटें म्हणावें असें कांहींच नसतें. जमिनींतली एक उथळ खळगी, तिच्या भोंवतीं कांहीं खडे, आणि आंत खड्यांसारखींच दिसणारीं, बहुधा चार, अंडीं. एवढाच तिचा संसार. ती तेथें उभी असते ती ऊब देण्यासाठीं नव्हे, तर अंड्यांवर स्वतःची सावली धरण्यासाठीं. जवळपास पाणी असलें तर ती पोटाचीं पिसें भिजवून परत येते व तो ओलावा अंड्यांना देते. नर आणि मादी दोघेंही हा पहारा आळीपाळीनें करितात.

अशा स्थळीं एखादे पक्षिप्रेमी गृहस्थ कॅमेरा घेऊन येतात. टिटवी उडते, डोक्यावर घिरट्या घालूं लागते, कर्कश ओरडते. पाहुण्यांना वाटतें, केवढें हें देखणें दृश्य! ते पाऊण तास तेथें रमतात. त्या पाऊण तासांत खालीं अंड्यांवर सावली नसते. पाहुणे संतुष्ट होऊन घरीं जातात. मागें काय झालें, हें त्यांच्या छायाचित्रांत दिसत नाहीं.

माळावर जें घडतें तेंच शहरांतील घराच्या सज्जांतही घडूं शकतें. मधुमालतीच्या वेलांत किंवा कुंडींतल्या झुडपांत बुलबुलाची जोडी घरटें बांधते. मादी दोन-तीन अंडीं घालते. सुमारें दोन आठवड्यांत पिलें बाहेर येतात, आणि पुढें दोन आठवडे होण्यापूर्वींच घरटें सोडतात. घरांतील मुलांना याहून चांगला निसर्गपाठ मिळणार नाहीं. परंतु चित्र स्वच्छ यावें म्हणून कोणी आडवीं पानें बाजूस सारतो, कोणी एखादी डहाळी कापतो. त्याबरोबर ऊन आंत शिरतें, आणि समोरच्या तारेवर बसलेल्या कावळ्यालाही घरट्याचा मार्ग दिसतो. पिलें पिसांनीं भरत आलेलीं असतां कोणी फार जवळ गेला, तर तीं उडतां येण्यापूर्वींच भीतीनें बाहेर उड्या टाकतात आणि मग मांजराचें आयतेंच फावतें.

या सर्वांत नाजूक प्रसंग धनेशाचा. सह्याद्रीच्या उतारावरील राईंत हा तीन-साडेतीन फूट लांबीचा पक्षी उडूं लागला म्हणजे त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनाच्या फुसकाऱ्यासारखा दुरून ऐकूं येतो. विणीच्या हंगामांत मादी जुन्या वृक्षाच्या ढोलींत शिरते आणि विष्ठा व फळांचा चोथा यांनीं तोंड लिंपून स्वतःला आंत कोंडून घेते. चोंच बाहेर येईल एवढी उभी फट मात्र ती ठेवते. त्या बंदिवासांत तिच्या पंखांचीं पिसें गळतात व नवीं येतात. तेवढ्या काळांत तिचें आणि पिलाचें पोट सर्वस्वीं नरावर अवलंबून असतें. तो उंबर-वडाचीं फळें गळ्यांत सांठवून आणतो आणि एकेक करून फटींतून देतो. पिलू बरेंच वाढल्यावर मादी बाहेर येते आणि आंत राहिलेलें पिलू तें तोंड पुन्हा लिंपून घेतें.

हा नर मोठा सावध असतो. झाडाखालीं माणसांचा घोळका दिसला तर तो दूरच्या फांदीवर गळ्यांत फळें घेऊन बसून राहतो, पण ढोलीकडे येत नाहीं. आंत कोंडलेल्या मायलेकरांना बाहेर पडून अन्न शोधण्याची सोय नाहीं. खालीं उभे असलेल्यांची उत्कंठा जसजशी वाढते, तसतसा आंतील उपास लांबतो.

मग हें पाहूंच नये कीं काय? तसें नव्हे. यॉर्कशायरमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं घरट्यांतील अंड्यांचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांनीं बिचकूं नये म्हणून त्यांनीं बैलाचा पोकळ पुतळा करवून त्यांत बसून छायाचित्रें घेतलीं. लोक हंसले असतील, पण त्यामागील विचार खरा होता: पाहणाऱ्यानें नाहींसें व्हावें. आपल्याकडे सलीम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें सुगरणीच्या वसाहतीसमोर शिडीवर तासन्‌तास बसून निरीक्षण केलें. नर अर्धवट घरटें विणतो, मादी तें पसंत करून ताब्यांत घेते, आणि नर दुसरें घरटें विणून दुसरी मादी मिळवितो, हें त्यांना त्यांतून उमगलें. हें ज्ञान चिकाटीनें मिळालें. कोणतेंही घरटें उघडें पाडून नव्हे.

आज दूरचें जवळ आणणारीं भिंगें सहज मिळतात, म्हणून जवळ जाण्याची गरज उलट कमी झाली आहे. कसोटी एकच लक्षांत ठेवावी. चोंचींत घांस घेतलेला पक्षी घरट्याशीं न जातां शेजारीं बसून ओरडत असेल, तर आपण फार जवळ आलों आहों. चित्र मिळो वा न मिळो, तत्काळ मागें सरावें. भर दुपारीं जाऊं नये, झगझगीत प्रकाश पाडूं नये, डहाळी तोडूं नये, आणि घरट्याचा ठिकाणा चारचौघांत सांगूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तर रानपक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणें हें ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच घातलें आहे. हातांत बंदूक नसली म्हणजे माणूस शिकारी नव्हे, असें कायदा मानीत नाहीं.

सज्जांतील बुलबुलाचीं पिलें एके सकाळीं उडून जातात. त्यानंतर मुलांना खुशाल वेलाजवळ न्यावें. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनीं मुळ्या कशा बांधल्या आहेत, तळ किती पातळ आहे, हें त्यांनीं जवळून पहावें. चार आठवडे धीर धरल्याचें तें बक्षीस आहे. आणि त्या दिवसांत खिडकीच्या आडून जें चित्र मिळालें असेल, तें थोडें पुसट असलें तरी त्यांतील पिलें जिवंत आहेत, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असेल.