पेट्रोलमधले इथेनॉल आणि गाडीची रबरी नळी



मोटारसायकलच्या टाकीखाली एक काळी रबरी नळी असते. लांबीने वीतभर, जाडीने बोटाएवढी. टाकीतले पेट्रोल ती इंजिनाला पोचवते. एवढेच तिचे काम; पण ती गळू लागली तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडते, आणि पुढचा अनर्थ सांगायला नको. या नळीकडे आता लक्ष का द्यायला हवे, ते आज सांगणार आहे.

आपल्या पंपावर मिळणारे पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात इथेनॉल असते. इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून, रसापासून किंवा मका, तुटका तांदूळ अशा धान्यापासून काढलेले अल्कोहोल. ही कल्पना नवी आहे असे मात्र नाही. १९४८ साली आपल्याकडे 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' नावाचा कायदाच झाला होता. तो २००० साली रद्द झाला. पुढे २००१ मध्ये मिश्रणाचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांतली दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत शेकडा पाच भाग इथेनॉल मिसळणे सुरू झाले. देशभरात सरासरी दहा भागांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, आणि वीस भागांचा २०२५ मध्ये. यालाच 'ई-२०' म्हणतात. म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल, बाकीचे पेट्रोल.

यात देशाचा फायदा आहे. परदेशातून आणावे लागणारे तेल तेवढे कमी लागते, आणि ऊस, मका पिकवणाऱ्याच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते. तेव्हा इथेनॉल वाईट आहे असे सांगायला मी आलेलो नाही. प्रश्न आहे तो जुन्या गाडीचा.

रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे जाळे. त्या जाळ्यात द्रव शिरला की रबर फुगते. इंधनाच्या नळीसाठी नायट्राइल नावाचे रबर वापरण्याची पद्धत आहे, कारण साधे पेट्रोल त्यात फारसे शिरत नाही. निव्वळ इथेनॉलही फारसे शिरत नाही. पण गंमत अशी, की दोघे एकत्र आले म्हणजे एकट्यादुकट्याला जे जमत नाही ते जोडीने साधतात. मिश्रणात तेच रबर अधिक फुगते. शिवाय रबर मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट पदार्थ हळूहळू विरघळून निघून जातात. हरभरा रात्रभर भिजवला तर टपोरा होतो, पण तोच पुन्हा वाळवला तर सुरकुततो. नळीचेही तसेच होते. इंधनात असेतो ती फुगते. गाडी बंद राहून नळी कोरडी पडली की आक्रसते, कडक होते, तिला चिरा जातात. कार्बोरेटरमधले वॉशर, पंपातला रबरी पडदा, यांचीही तीच गत.

आता मुंबईच्या उपनगरांकडे पाहा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा. सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत स्कूटर न्यायची आणि दिवसभर उन्हातान्हात उभी करून लोकल पकडायची, हा हजारो चाकरमान्यांचा क्रम. गाडी चालते थोडी, उभी राहते फार. हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात तर अंधेरीचा भुयारी मार्ग तुंबला, गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, हे दरसालचे झाले आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडे पाणी मिश्रण पचवते. पण टाकीत पाणी मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याच्या गोटात जाते. हा जड थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंजिनाला नेमका तळातलाच माल पोचतो. मग गाडी धक्के मारते, बंद पडते, आणि पत्र्याला गंज चढू लागतो तो वेगळाच.

याच उपनगरांत, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथली पद्मिनी मोटार एके काळी मुंबईची ओळख होती. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण हौशी लोकांनी खाजगी गाड्या अजून जपल्या आहेत. त्या घडल्या तेव्हा वीस भाग इथेनॉल कोणाच्या मनातही नव्हते. दोष गाडीचा नाही, इंधनाचाही नाही. दोघांची गाठ अवेळी पडली, इतकेच. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून तीस भाग इथेनॉल मिसळतात. पण तिथल्या गाड्या वर्षानुवर्षे त्याच बेताने बनत आल्या आहेत. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत वीस भाग सोसणारे रबर घालण्याचे ठरले. त्याआधीच्या गाड्यांचे काय? काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागतील, त्याला खर्च फारसा नाही, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. वीस भागांच्या सक्तीविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. म्हणजे निवड आपल्या हाती नाही, काळजी आहे.

आणि ही काळजी केवळ शहरवासीयाने घ्यायची असे नाही, बरे का. ज्या शेतकऱ्याच्या उसातून इथेनॉल निघाले, त्याचीही मोटारसायकल बहुधा जुनीच असते. फवारणीचा पेट्रोल पंप, गवत कापायचे यंत्र, हे तर हंगाम संपला की महिनोन् महिने कोपऱ्यात पडून राहते, तेही टाकीत तेल तसेच ठेवून. नळी खराब व्हायला याहून चांगली सोय कोणती?

तर करायचे काय? इंजिन बंद करून थंड होऊ द्या. आसपास विडी-काडी नको. नळी बोटांनी चेपून पाहा. चिकट, फुगलेली लागली, किंवा कडक होऊन वाकवताच चिरा दिसल्या, तर ती बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर एक दिवसही थांबू नका. नवी नळी घेताना 'इथेनॉलला टिकणारी' म्हणून मागून घ्या. पाण्याची प्लास्टिकची नळी किंवा साबणाचे लिंपण यांवर भागवू नका. दोन्ही टोकांच्या क्लिपाही नव्या घाला. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा. पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते की नाही ते पाहा. आणि गाडी थोडे कमी अंतर देऊ लागली तर लगेच मिस्त्रीला दोष देऊ नका. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते.

जुनी नळी फाटली म्हणजे इथेनॉलनेच फाटली असेही समजू नये. ऊन, उष्णता आणि वय यांनीही रबर मरते. पण आधीच थकलेल्या नळीला हे नवे इंधन अधिक जड जाते, हे खरे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. द्रावण, विद्राव्यता, बहुवारिके हे धडे आपण फळ्यावर शिकवताच. त्या दिवशी शाळेच्या आवारात उभी असलेली एखादी जुनी मोटारसायकल मुलांना दाखवा. पेट्रोलला हात लावू देऊ नका. नळी मात्र लांबून दाखवा, आणि घरी जाऊन वडिलांना ती तपासायला सांगा म्हणावे. काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही. नळीला पैसे थोडे लागतात. आगीत गाडी जाते, कधी माणूसही जातो. देशाच्या फायद्याची योजना सर्वांत जुनी गाडी वापरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.