हायस्कुलातील इंग्रजी आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



ज्या मुलामुलींचा आज येथे गौरव झाला, त्यांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. वर्धा जिल्ह्यातील मराठी शाळांतून इंग्रजी शिकविण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली असल्यामुळे चालकांनी मला त्याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. आज व्यासपीठावर आलेल्या मुलांची स्तुती करण्यास वक्ते पुष्कळ आहेत. मला मात्र जी मुले येथवर पोहोचू शकली नाहीत, आणि ज्यांच्या वाटेत बहुधा इंग्रजी हाच विषय आडवा आला, त्यांच्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

वर्ध्यात उभे राहून इंग्रजीची कैफियत मांडावी, हा योग काहीसा विलक्षण आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच नगरीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमची योजना आखली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून व हस्तोद्योगाच्या द्वारे, असे तिचे स्वरूप होते. मॅट्रिकच्या तोडीचे ज्ञान मुलास मिळावे, मात्र त्यातून इंग्रजी वगळावे, असा गांधीजींचा आग्रह होता. पुढे काळ पालटला. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी आले. तथापि वर्धा योजनेतील मुख्य तत्त्व आजही खोटे ठरलेले नाही. मूल नवी गोष्ट समजून घेते ती आपल्या भाषेच्या आधारानेच. ती गोष्ट परकी भाषा असली तरीही!

याची साक्ष आपणांस कोणत्याही नववीच्या वर्गात मिळेल. आपण ‘मला भूक लागली आहे’ असे म्हणतो, तर इंग्रज ‘मी भुकेला आहे’ असे म्हणतो. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी विसावते. इंग्रजीचे कर्त्याच्या पाठोपाठ येते. ‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांना मराठीत प्रतिशब्दच नाही. त्यामुळे आपली मुले ते एकतर गाळतात, नाहीतर वाटेल तेथे पेरतात. ‘मी दोन वर्षांपासून येथे राहतो’ या वाक्याचे ‘आय लिव्ह हियर सिन्स टू इयर्स’ असे भाषांतर करणारा मुलगा मंदबुद्धी नसतो. तो मराठीच्या नियमांशी इमान राखून इंग्रजी लिहीत असतो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हियर फॉर टू इयर्स’ असे का म्हणावयाचे, हे त्याला मराठीतून समजावून सांगणारा कोणीतरी भेटला पाहिजे. ज्या घरी वडील वा आई शिकलेली आहेत, तेथे असा माणूस घरातच असतो. ज्या घरी सर्व माणसे सकाळीच शेतावर जातात, तेथे शाळेतील मास्तर हा एकच आधार. आणि कापसाच्या वेचणीचे दिवस आले, की कित्येक मुले त्या आधारालाही काही आठवडे मुकतात. बुडालेला इतिहासाचा धडा मागाहून वाचून काढता येतो. इंग्रजीचे तसे नाही. एक पायरी निसटली, की पुढील सर्व पायऱ्या अवघड होतात.

पूर्वी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांची ही अडचण दूर केली. तिचे बळ हेच होते, की ती मराठीकडून इंग्रजीकडे नेत असे. आज त्या जागी खाजगी शिकवण्या आल्या आहेत, आणि त्यांची फी सर्वांच्या आवाक्यातली नाही. अशा वेळी आंतरजालाच्या द्वारे पाठ, टिपणे व सरावाचे प्रश्न विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याचे साधन आपल्या हाती आले, ही मोठीच सोय झाली आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारने २०१७ साली ‘दीक्षा’ हा शिक्षणमंच सुरू केला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. देण्याची ही वृत्ती आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु साधन हाती आले म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षक व्हॉट्सअॅपवरून पाठ धाडू लागलो, तेव्हा हे प्रत्ययास आले. घरात मोबाईल एकच, आणि तो वडिलांबरोबर शेतावर गेलेला. सायंकाळी तो घरी आला तर प्रथम मुलाच्या हाती, आणि मुलीची पाळी सर्वांच्या शेवटी. लांबलचक चित्रफीत पाहता पाहता दिवसाचा डेटा संपून जाई. सुंदर पाठ तयार करूनही तो पोहोचलाच नाही, तर त्याचा उपयोग काय?

आपल्या मंडळाने यंदा इंग्रजीच्या टिपणांचा व ध्वनिमुद्रित पाठांचा संग्रह आंतरजालावर ठेवण्याचे योजिले आहे. या योजनेचे मी स्वागत करतो आणि काही सूचना करतो. प्रत्येक धड्याचे टिपण एका पानात मावेल असे असावे, म्हणजे ते तालुक्याच्या गावी अल्प खर्चात छापून घेता येईल. अवघड वाक्यरचनेचा उलगडा मराठीतून करावा. धड्याचे वाचन तीन-चार मिनिटांचे व केवळ ध्वनिरूप असावे. ते साध्या मोबाईलवरही ऐकता येते, आणि कानी पडल्यावाचून कोणतीही भाषा जिभेवर येत नाही. बाजारातील मार्गदर्शकांची पाने छायाचित्रे काढून पाठविण्याचा मोह टाळावा. ते दुसऱ्याच्या श्रमाचे अपहरण होय. टिपण आपले, स्वतः लिहिलेले असावे. आणि ज्या घरी मोबाईल नाही, त्या घरच्या मुलासाठी छापील प्रत गावच्या वाचनालयात अथवा शाळेत ठेवलीच पाहिजे.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. हा संग्रह मंडळाच्या वर्गणीतून होणार, म्हणून तो सभासदांच्या पाल्यांपुरताच खुला असावा व सभासद-क्रमांकावाचून तो उघडू नये, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. वर्गणीदारांच्या पैशाचा हिशेब चालकांना द्यावा लागतो, आणि आपल्या मुलांची चिंता प्रथम वाहणे हा ज्ञातिसंस्थेचा धर्मच आहे. तरीही ही सूचना आपण स्वीकारू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.

शिष्यवृत्तीचे पैसे एकास दिले, तर दुसऱ्यास कमी पडतात. टिपणाचे तसे नाही. ते शंभरांनी वाचले काय आणि हजारांनी वाचले काय, आपल्या मुलाच्या वाट्याचे तसूभरही कमी होत नाही. आपला मुलगा ज्या बाकावर बसतो, त्याच बाकावर दुसऱ्या ज्ञातीचा त्याचा मित्र बसतो. जवळचे टिपण त्याच्यापासून लपविण्यास आपण मुलास शिकविणार काय? जी विद्या चोरून ठेवावी लागते, ती मुलास इंग्रजी शिकवील, पण माणूसपणा शिकविणार नाही. शिवाय खुल्या टिपणावर अनेक शिक्षकांची नजर पडते, त्यातील उणिवा कळतात व ते सुधारते. कुलूपबंद टिपणाचे दोष मात्र वर्षानुवर्षे तसेच राहतात.

वर्ध्याच्या नागरिकांना हा विचार नवा वाटू नये. १९२८ साली शेठ जमनालाल बजाज यांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. ते मंदिर त्यांच्याच घराण्याने बांधलेले होते. आमच्या पैशाचे देवालय आमच्यापुरते, असे म्हणण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता; तो त्यांनी पत्करला नाही. जे शहर देवाचे दार उघडू शकले, त्या शहरातील मंडळाने इंग्रजीच्या टिपणास कुलूप लावावे, हे शोभणारे नाही.

संग्रहावर मंडळाचे नाव अवश्य असावे. वर्गणीदारांचे ऋण पहिल्या पानावर कृतज्ञतापूर्वक नोंदवावे. मात्र दार सर्वांस मोकळे असावे. आष्टी-कारंज्याकडील एखाद्या खेड्यातली कोणा अपरिचित घरची मुलगी ते टिपण वाचून परीक्षेस धैर्याने बसली, तर त्या पुण्यात आपल्या प्रत्येक सभासदाचा वाटा राहील, आणि तोच आपल्या मंडळाचा खरा लौकिक होईल.

येथे जमलेल्या पदवीधरांनी व सेवानिवृत्त शिक्षकबंधूंनी प्रत्येकी एकेका धड्याचे टिपण लिहून पुढील सभेपूर्वी चालकांच्या स्वाधीन करावे, एवढेच मागणे आहे. पहिल्या धड्याचे टिपण मी आज त्यांच्या हाती देत आहे.