सेवा : हुकमाची आणि मनाची
(श्रींच्या उत्सवप्रसंगी महाजन कुटुंबीयांसमोर केलेले भाषण)



माझे आयुष्य कचेरीत गेले. तेव्हा कचेरीतल्याच एका प्रश्नाविषयी बोलतो. नोकरदार माणसाने समाजासाठी आपला थोडा वेळ द्यावा, यासाठी त्याच्या वरिष्ठांनी त्याला प्रवृत्त कसे करावे? आज आपल्या घराघरांतून कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी बंदरावर अधिकारपदावर आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

प्रथम माझी एक चूक कबूल करतो. एका कचेरीचा प्रमुख असताना मी एका पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम आखला. रविवार ठरविला, परिपत्रक काढले आणि हजेरीची वही घेऊन स्वतः उभा राहिलो. एकूण एक कर्मचारी आले. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली, शंभरभर रोपे लागली. पुढल्या मे महिन्यात त्या वाटेने गेलो, तो आधाराच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. रोपे वाळून गेली होती. आमच्या वृद्ध शिपायाला मी विचारले, ‘‘पाणी घालायला कोणीच आले नाही काय?’’ तो सरळपणाने म्हणाला, ‘‘साहेब, परिपत्रकात पाण्याचे काही नव्हते.’’

त्या उत्तराने मला जे शिकविले, ते कोणत्याही ग्रंथाने शिकविले नव्हते. हुकमाने माणसे येतात, मन येत नाही. आणि रोप जगते ते मनाने घातलेल्या पाण्यावर.

याउलट आपल्या जत्रेकडे पाहा. अग्रशाळेत पंगत बसते तेव्हा बँकेतला मोठा अधिकारी पंचा गुंडाळून वाढायला उभा राहतो आणि त्याचाच कारकून पानावर बसलेला असतो. पालखीला खांदा देण्यासाठी कोणाला नोटीस धाडावी लागत नाही. येथे हजेरी नाही, बढती नाही; तरी माणसे मुंबईहून रजा काढून येतात. कारण आपल्यावाचून काहीतरी अडेल, असे प्रत्येकाला वाटते, आणि वडील मंडळी स्वतः पुढे असतात.

आता कायद्याची बाजू. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमानुसार, १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. मात्र कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे रुपये करून ते या खर्चात दाखविता येत नाहीत, असा खुलासा केंद्र शासनाने २०२१ मध्ये केला. अशा सहभागास उत्तेजन द्यावे, असेही त्यातच म्हटले. मला हे योग्य वाटते. पैसा कंपनीचा, वेळ माणसाचा. ज्याचे दान, त्याच्याच नावे ते राहावे.

मग अधिकाऱ्याने काय करावे? पहिली गोष्ट, कामाच्या वेळेतले काही तास मोकळे करून द्यावेत. माणसाचा एकुलता एक रविवार हिरावून घेऊन त्याला सेवा म्हणणे हा अन्याय आहे. विशेषतः ज्या भगिनींना घरी दुसरी पाळी करावी लागते, त्यांच्यावर.

दुसरी गोष्ट, ज्यांच्यासाठी करावयाचे त्यांना आधी विचारावे. रक्तदानाचेच उदाहरण घ्या. दान केलेल्या रक्तातील प्लेटलेट्स सुमारे पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे. साऱ्या कचेऱ्यांनी एकाच समारंभाच्या दिवशी शिबिरे भरविली, तर त्या दिवशी पूर आणि ऐन उन्हाळ्यात दुष्काळ. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. रक्तपेढीला विचारून वर्षभर पाळ्या लावल्या, तर तेच दाते कितीतरी अधिक उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट, ज्याला जे येते ते त्याच्याकडून घ्यावे. हिशेबनिसाने वाचनालयाचे जमाखर्च नीट लावून द्यावेत, वायरमनने शाळेतली वीजजोडणी तपासावी. अनेकांना कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे वळण लागलेले असते. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. ते वळण नोकरी लागताच मोडते. ते पुन्हा जागे करावे.

आणि शेवटची, सर्वांत कठीण गोष्ट : जो येणार नाही, त्याला कारण विचारू नये. त्याच्या घरी आजारी आई असेल. त्याच्या गोपनीय अहवालात याची नोंद झाली, की दुसऱ्या दिवसापासून सेवेची वेठ होते.

निवृत्तीनंतर मी त्याच वाटेवर पुन्हा पाच रोपे लावली. परिपत्रक काढण्याचा अधिकार आता नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तो शिपाई आपणहून कळशी घेऊन आला. त्या पाचांपैकी चार झाडे आज उभी आहेत.

आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांनी उद्या कचेरीत गेल्यावर आधी स्वतः कळशी उचलावी, एवढेच मागणे मागतो आणि श्रीचरणी नम्र होऊन आपली रजा घेतो.