शिधापत्रिकांची पडताळणी कोणत्या महिन्यात?

(भिवपुरी परिसरातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



शिधापत्रिकांच्या पडताळणीविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय रुक्ष आहे. नमुने, नोंदवह्या, अंगठे आणि पावत्या यांत रमणारी माणसे थोडीच असतात. पडताळणी म्हटली की अपात्र माणसाला यादीतून काढणे एवढाच अर्थ आपल्या मनात येतो, आणि तो चुकीचा आहे असेही नाही. परंतु यादी दोन्ही बाजूंनी चुकू शकते. ज्याचे नाव नसावे त्याचे असते, आणि ज्याचे असावे त्याचे नसते. पहिली चूक सर्वांना दिसते, कारण ती गावात राहते, कधी पक्क्या घरातही राहते. दुसरी चूक डोंगरकडेच्या वाडीत असते आणि वर्षातील सहा-सात महिने तेथेही नसते. म्हणून पडताळणी कोणत्या महिन्यात केली आणि कोठे बसून केली, यावर तिचा निकाल ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

भिवपुरी हे नाव बाहेरच्या माणसास दोन कारणांनी ठाऊक असते. एक, नेरळ आणि कर्जत यांच्यामधील भिवपुरी रोड हे स्थानक. दुसरे, १९२२ पासून चालत असलेले टाटांचे जलविद्युत केंद्र. (स्थानकावर उतरून केंद्र शोधू लागणाऱ्याची जी पायपीट होते, ती आपण सारे जाणताच.) घाटमाथ्यावरचे पाणी येथे खाली येते, वीज देते आणि पुढे राजनाल्यातून कर्जतच्या शेतांना मिळते. त्या पाण्यावर उन्हाळी भात पिकते. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली, या तालुक्याचेच नाव धारण करणारी भाताची वाणे राज्यात दूरवर लावली जातात. तेव्हा हा भाताचा मुलूख आहे, येथे अन्नाची काय वाण, असे वरवर पाहणाऱ्यास वाटले तर नवल नाही.

मात्र कालव्याची रेघ ओलांडून वर चढू लागले की चित्र पालटते. ठाकरांच्या वाड्या लागतात, कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. ठाकरांकडे थोडीफार वरकस जमीन किंवा दळीचा तुकडा असतो. त्यावर नाचणी आणि वरी होते. कातकरी बहुतांशी भूमिहीन. दिवाळी झाली की वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाडासह निघतात. कोणी पनवेल-कल्याण-भिवंडीकडे विटा थापावयास जाते, कोणी कोळसा पाडण्यासाठी घाटावर, क्वचित कर्नाटकापर्यंतही जाते. परत येणे होते ते मृगाच्या तोंडावर. हाती राहिलेले पैसे झोपडी शाकारण्यात संपतात, आणि मग आषाढ-श्रावण येतो. त्या दिवसांत भाताच्या लावणीखेरीज मजुरी नाही, घरात दाणा नाही, आणि रानातील भाजी व खेकडे-मासे यांवर किती दिवस काढणार?

या दोन महिन्यांसाठी पूर्वी सावकाराकडून भात किंवा तांदूळ उचलण्याची रीत होती, आणि फेड दीडीने, म्हणजे मणाला दीड मण अशी करावी लागे. ती साखळी तोडण्याचे प्रयत्न याच तालुक्यात झाले आहेत. कशेळे येथील अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्य बँका उभ्या केल्या. शासनाच्या बाजूने १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती, आणि केंद्र सरकारनेही १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकेची योजना आणली. या साऱ्यांचा रोख एकाच दिशेला होता. पावसाळ्याच्या तोंडावर घरात धान्य असले पाहिजे. आज ते काम प्रामुख्याने स्वस्त धान्य दुकानाकडे आले आहे, आणि दुकानातून धान्य मिळण्यासाठी यादीत नाव असावे लागते.

हे धान्य कोणाच्या मेहेरबानीचे नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नविषयक योजनांना हक्काचे स्वरूप दिले. २ मे २००३ च्या आदेशात आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिका देण्याचे सांगितले. महाराष्ट्रात आदिम म्हणून गणलेल्या जमाती तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे आपल्या वाड्यांतील प्रत्येक कातकरी कुटुंबाचा प्रश्न तत्त्वतः त्याच दिवशी सुटला होता. त्यानंतर २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून तो आपल्या राज्यात लागू झाला. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते तसेच देण्याचे ठरले आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानातही या जमातींच्या वाड्यांवर जाऊन शिधापत्रिका व आधार देण्याचे काम धरलेले आहे.

३५ किलो आणि माणशी ५ किलो या दोन आकड्यांवर थोडे थांबतो, कारण वाडीतील निम्मे तंटे यातच असतात. सात माणसांच्या कुटुंबाला दोन्ही पत्रिका सारख्याच. त्याहून लहान कुटुंबाला अंत्योदय लाभाची. नऊ माणसे एकाच अंत्योदय पत्रिकेवर असतील, तर त्यांना ३५ किलोच मिळतात, प्राधान्यात तेच ४५ झाले असते. आता कातकऱ्यांत लग्न झाले की नवे जोडपे बहुधा वेगळी झोपडी बांधते. चूल वेगळी होते, पत्रिका मात्र बापाचीच राहते. कागदावर एक कुटुंब, प्रत्यक्षात तीन चुली आणि ३५ किलोंचे तीन वाटे. पडताळणीला गेलेल्या माणसाने नावे मोजली आणि चुली मोजल्या नाहीत, तर त्याला या यादीत काहीच वावगे दिसणार नाही.

विभक्त पत्रिका मागितली की उत्तर येते, इष्टांक पूर्ण आहे. ते खोटे नसते. २०११ च्या जनगणनेवर राज्याला ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांची मर्यादा ठरवून दिली आहे. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के. ती वाटत वाटत तालुक्यापर्यंत येते. म्हणूनच अपात्र नाव काढण्याला अर्थ आहे. मृत, लग्न होऊन गेलेल्या, दुबार नोंदलेल्या, नोकरदार झालेल्या माणसाचे नाव निघाले तर त्या जागी वाडीवरचे नाव बसू शकते. हे काम कोणी कठोरपणे केले तर माझी तक्रार नाही. फक्त उत्पन्नाच्या मर्यादेपाशी हात आखडता घ्यावा. २०१३ मध्ये ग्रामीण भागासाठी वार्षिक ४४,००० रुपये ठरले. रोज २०० रुपये मजुरी आणि वर्षात २२० दिवस काम धरा. एकट्या मजुराचेच ४४,००० होतात. नवराबायको दोघे राबत असतील तर ती मर्यादा ओलांडतात. एवढ्यावरून त्यांना सुस्थित ठरविणे मला तरी पटत नाही.

आता महिन्याकडे येतो. राज्यात अपात्र शिधापत्रिकांची शोधमोहीम २०२१ साली १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात ठेवली गेली. पुन्हा २०२५ साली ती १ एप्रिल ते ३१ मे अशी ठेवली गेली. कार्यालयीन दृष्टीने हे महिने सोयीचे. रस्ते कोरडे असतात. आपल्या वाड्यांच्या दृष्टीने मात्र हेच महिने भट्टीचे. अर्ज भरून, रहिवासाचा पुरावा जोडून द्या असे सांगायला माणूस गेला, तर झोपडीच्या दाराला काटक्या लावलेल्या आणि ओट्यावर एखादी म्हातारी. तिने ‘गेलीत कामाला’ म्हटले की शेरा पडतो, ‘स्थलांतरित’. हा शब्द मोठा फसवा आहे. कायमचे गाव सोडून गेलेला आणि सहा महिन्यांनी परत येणारा, दोघांसाठी तो एकच वापरला जातो.

याच्या जोडीला २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या नियंत्रण आदेशात झालेली दुरुस्ती ध्यानात घ्यावी. सहा महिने धान्य न उचललेली पत्रिका तात्पुरती निष्क्रिय करावयाची, आणि त्यानंतर तीन महिन्यांत प्रत्यक्ष भेट व ई-केवायसी करून पात्रता ठरवावयाची. दिवाळीनंतर गेलेले कुटुंब मेअखेर परतते. मोजून पाहा, सहा महिने भरतात. पण याच नियमाची दुसरी बाजूही पाहा. मेअखेरीस निष्क्रिय झालेल्या पत्रिकेचे तपासणीचे तीन महिने जून, जुलै आणि ऑगस्ट येतात, आणि त्या महिन्यांत कुटुंब घरी असते. तपासणी करणारा जूनच्या आरंभी वाडीवर गेला तर नियम कुटुंबाच्या बाजूने उभा राहतो. ऑगस्टच्या शेवटी गेला तर आषाढ-श्रावण उपाशी गेलेला असतो.

पत्रिका निष्क्रिय होऊच नये यासाठी दुसरा मार्ग आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र आली. त्यानुसार भट्टीजवळच्या कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येते. म्हातारी माणसे वाडीवर राहिली असतील तर त्यांनी आपला वाटा येथे आणि बाकीच्यांनी तेथे घेण्यासही हरकत नाही. वाडीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे, हे आपणच विचारून पाहावे. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाजवळ पत्रिकेचा बारा अंकी क्रमांक कागदावर लिहून दिलेला असावा, आणि मूळ पत्रिका कोणत्याही दुकानदाराकडे, मुकादमाकडे वा उचल देणाऱ्याकडे ठेवू नये, हे ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वीच सांगावे. जे काम पंधरा मिनिटांचे आहे, ते न केल्याने पुढे पंधरा हेलपाटे पडतात.

शिक्षकांना माझी स्वतंत्र विनंती आहे. कोणते कुटुंब कधी गेले आणि कधी परतले याची गावातील सर्वांत विश्वसनीय नोंद तलाठ्याच्या दप्तरात नसते, ती आपल्या हजेरीपटावर असते. दिवाळीनंतर गैरहजर आणि जूनमध्ये हजर असलेले मूल हाच त्या कुटुंबाच्या हंगामी स्थलांतराचा पुरावा. स्थलांतरित मुलांना आपण शिक्षण हमी कार्ड देतच असतो. त्या मुलांची यादी ग्रामदक्षता समितीपुढे ठेवली, तर ‘कायमचे गेले’ असा शेरा मारण्यापूर्वी कोणालाही दोनदा विचार करावा लागेल. अंगणवाडी सेविकेची नोंदवहीही तितकीच उपयोगाची. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचे नाव घरच्या पत्रिकेवर आहे ना, आधारमधील बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर पुन्हा घेतले आहेत ना, हेही आपल्याच नजरेस प्रथम येते.

ठशांवरून आठवले. माती तुडवून आणि विटा थापून बोटांच्या रेषा पुसट होतात. यंत्र अंगठा घेत नाही, आणि रांगेतली बाई परत जाते. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या क्रमांकावरून ओळख पटविणे, तेही न जमल्यास अधिकृत पर्यायी नोंदीने धान्य देणे, हे दुकानदाराचे व पुरवठा निरीक्षकाचे काम आहे. ‘अंगठा लागला नाही’ हे धान्य नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दुकानातून निघणारी पावती प्रत्येकाने घ्यावी. त्यावरील किलो आणि पिशवीतील किलो यांचा मेळ शाळेत जाणारे मूलही घालू शकते. फरक आढळल्यास १९६७ हा क्रमांक आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत, आणि हक्काचे धान्य मिळालेच नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद कायद्यातच आहे.

यादीचे मोल धान्यापुरतेच नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, घरांसह घरांतले सारे कागद मातीखाली गेले. त्या रात्री वाडीत कोण होते आणि कोण बाहेर होते, हे ठरविताना वाचलेल्या माणसांच्या सांगण्याचाच मोठा आधार घ्यावा लागला. मुले आश्रमशाळेत होती, काही माणसे कामावर होती. चुलीवार, माणूसवार खरी असलेली यादी गावात असणे किती निकडीचे आहे, हे आपल्या टापूला निराळे सांगावयास नको.

यंदाच्या कामाची आखणी आपण येथेच करून उठावे, असे मी सुचवितो. जूनचा पहिला पंधरवडा धरावा. ओढे भरले की वरच्या वाड्यांची वाट बंद होते. चावडीवर यादी लावली म्हणजे वाचन झाले, असे समजू नये. दक्षता समितीचे सरपंच, तलाठी, दुकानदार आणि शिक्षक यांनी संध्याकाळी, माणसे मजुरीवरून परतल्यावर, वाडीवरच बसावे आणि निष्क्रिय पत्रिकांची यादी प्रथम वाचावी, बाकीची नंतर. ई-केवायसीचे यंत्र सोबत न्यावे. तेथे दूरध्वनीची लहर मिळत नसेल तर कोणत्या टेकाडावर मिळते ते वाडीतली पोरे सांगतील. कायद्याप्रमाणे पत्रिका घरातील प्रौढ स्त्रीच्या नावे असते, म्हणून बायका पुढे बसतील असे पाहावे. सारी नावे वाचून झाली की ‘कोणाचे राहिले?’ हे कातकरी बोलीत विचारू शकेल अशी एखादी बाई आपल्याबरोबर असावी. कोरे अर्ज पिशवीत पुरेसे घ्यावेत, तेथेच भरून घ्यावेत, आणि अर्जाची पोच त्याच ओट्यावर हातात द्यावी.