गळके घर आणि न गळणारा हप्ता

(मालवण येथे घरखरेदीदारांच्या एका सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जिथे बसलो आहोत तिथून राजकोट किल्ला फार दूर नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, पुरते नऊ महिनेही झाले नसताना, तो कोसळला. त्यावर जे राजकारण व्हायचे ते झाले. गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या. मला त्यातली एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवायची आहे. पुतळ्याचे नटबोल्ट खाऱ्या हवेने गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम खात्याने तो पडण्यापूर्वी काही दिवस पत्राने कळवले होते. म्हणजे दोष कोणाला तरी दिसला होता आणि तो कागदावरही आला होता. तुमच्या-माझ्या घराच्या वाट्याला तेवढेही येत नाही. ज्याला दोष दिसू शकतो, ज्याला तो पाहण्यासाठी आपणच पैसे देतो, तो आपल्याला काहीच सांगत नाही.

हे मी ऐकीव बोलत नाही. माझे थोरले बंधू मुंबईत एका छापखान्यात पस्तीस वर्षे राबले. निवृत्तीनंतर गावी परतावे, पण वडिलोपार्जित घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावे. तेव्हा भविष्यनिर्वाह निधी मोडून आणि मुलाच्या नावावर कर्ज काढून त्यांनी किनाऱ्याजवळच्या एका तीन मजली इमारतीत सदनिका घेतली. २०१८ साली ताबा मिळाला. तिसऱ्या पावसाळ्यात छतावर तांबूस ओघळ दिसू लागले. दसऱ्याच्या आसपास देवघरावर गिलाव्याचा पोपडा पडला आणि आतली सळई दिसली. अंगठ्याएवढी म्हणून सांगितलेली ती सळई बोटाने खरवडली तर पत्र्यासारखी सुटत होती. बांधणाऱ्याने वरून डांबरी थर फासून दिला, पुढच्या वर्षी भागीदारी मोडल्याचे कळवले आणि फोन घेणे बंद केले. कर्ज देणाऱ्या संस्थेत गेल्यावर उत्तर मिळाले की घराचा प्रश्न तुमचा व विकासकाचा आहे, हप्ता पाच तारखेला आलाच पाहिजे. दादा घरी येऊन म्हणाले, "घर गळता, हप्तो काय गळणा नाय."

सळई का गंजते हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानावरच हा सगळा व्यवहार उभा आहे. काँक्रीटमध्ये पोलाद सुरक्षित राहते ते सिमेंटच्या अल्कधर्मामुळे. मिठातील क्लोराइड आत शिरले की ते संरक्षण तुटते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. ते मीठ दोन वाटांनी येते. एक वाट समुद्रावरून येणाऱ्या हवेची. तिच्यासाठी सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण ठेवायचे असते. भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवामानात ते ४५ मिलिमीटर हवे. दुसरी वाट अधिक लाजिरवाणी, कारण तिथे मीठ आपणच कालवतो. खाडीची वाळू गोड्या पाण्याने न धुता तशीच वापरायची आणि विहिरीचे पाणी मचूळ असले तरी तेच घालायचे. एक घनमीटर लोहबंद काँक्रीटमध्ये ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड नसावे असे मानक सांगते. आपल्याकडे ते मोजतो कोण? त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस. रंग दिलेल्या भिंतीवरून यातले काहीही दिसत नाही. आमच्या आजोबांच्या चिऱ्याच्या घरात गंजायला लोखंडच नव्हते. अर्थात त्या घराच्या वाळवीचे आणि दर मे महिन्यात कौले परतण्याचे गोडवे मी गाणार नाही.

आता कर्ज देणारी संस्था काय करते ते पाहा. ती अर्जदाराकडून प्रक्रिया शुल्क घेते. वकिलाकडून मालकीहक्काचा शोध घेते, व्हॅल्युअर पाठवून जागेची पाहणी करून घेते. कुळाचा हक्क, आकारीपड, न विचारलेले मुंबईचे चुलते असे जे छुपे दोष आपल्या जिल्ह्यातील जमिनीत असतात, ते त्या वकिलाला बऱ्याचदा दिसतात. बांधकामाचा दर्जा त्या व्हॅल्युअरला, त्याने डोळे उघडे ठेवले तर, दिसू शकतो. या कामाचे पैसे शेवटी कर्जदाराच्या खिशातून जातात. आणि अहवाल? तो संस्थेचा अंतर्गत कागद! दादांनी तो लेखी मागितला, मिळाला नाही.

यात व्यक्तिगत दुष्टावा नाही. व्यवस्थेचा हिशेबच तसा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ७५ ते ९० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, उरलेली रक्कम घेणाऱ्याने घालायची. म्हणजे घराची किंमत घसरली तर पहिला घाव खरेदीदाराच्या पुंजीवर. शिवाय पगार तारण, बहुधा जामीनदारही. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, घराचा ताबा घेता येतो. ज्याला आपले पैसे घराच्या भिंतीतून नव्हे तर कर्जदाराच्या पगारातून वसूल करायचे आहेत, तो भिंत ठोकून कशाला पाहील?

कायदे नाहीत असे मात्र नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य काळजीने न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. मुंबईतील सदनिकांच्या विक्रीत माजलेल्या गैरव्यवहारांमुळे महाराष्ट्राने १९६३ साली सदनिका मालकीचा कायदा केला. त्यात ताब्यापासून तीन वर्षांत दाखवून दिलेला दोष विकासकाने दुरुस्त करून द्यायचा आहे. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवले. २०१६ च्या 'रेरा' कायद्याने दोषाची मुदत पाच वर्षांची केली आणि विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावी असे बंधन घातले.

पण याच कायद्यात एक भगदाड ठेवलेले आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. मुंबई-पुण्याच्या मापाने ही किरकोळ सूट असेल. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ इथे मात्र कितीतरी इमारती नेमक्या याच मापाच्या! दादांच्या इमारतीत सात सदनिका होत्या. 'रेरा आहे, काळजी नको' असे त्यांना विकणाऱ्याने तोंडी सांगितले होते.

दोष म्हणजे केवळ ओल आणि पोपडे, असे कोणी समजू नये. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे दगावली. ती काही शतकापूर्वीची चाळ नव्हती, जेमतेम दशकभराची होती. तिथेही लोकांनी आयुष्याची पुंजी घालूनच घरे घेतली असणार.

थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे, मग ते कोणाला रुचो वा न रुचो. मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून किमतीचा काही भाग आपण रोखीने देतो, पावती मागत नाही. पुढे भरपाई मागताना कागदावरची किंमत आपल्याच अंगाशी येते. गणपतीत ताबा मिळावा या घाईत भोगवटा दाखला पाहत नाही. तक्रार करण्याऐवजी 'गाववाला आहे, करील' म्हणून दोन-दोन वर्षे वाट पाहतो, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत मुळात दोनच वर्षांची आहे. दादांनीही हेच केले. ओरोसला तक्रार दाखल करताना विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागला.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. कर्जासाठी केलेला मालकीहक्काचा शोध आणि तांत्रिक पाहणी यांचे अहवाल, करारावर सही होण्यापूर्वी, कर्जदाराला मिळाले पाहिजेत. ज्याने पैसे दिले त्याचा तो कागद आहे. किनारपट्टीवरील प्रत्येक बांधकामाच्या पाहणीत वाळू-पाण्यातील क्षार आणि सळईवरचे आवरण यांची नोंद असली पाहिजे. कर्जाचा शेवटचा टप्पा भोगवटा दाखला आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय विकासकाच्या हाती पडता कामा नये. आणि आठ सदनिकांची सूट रद्द झाली पाहिजे. यामुळे घरे महागतील, असा आक्षेप येईल. वाळू धुण्याचा आणि दोन सेंटिमीटर अधिक काँक्रीटचा खर्च मी एका जाणत्या गवंड्याला विचारला. तो हसला आणि म्हणाला, फरशीच्या नक्षीवर याहून जास्त जातात.

दादांची तक्रार अजून चालू आहे. तपासणीसाठी नेमलेला अभियंता एकदा येऊन गेला. त्याचा अहवाल मात्र आयोगासमोर आल्यामुळे त्यांना वाचायला मिळाला. घराविषयी लिहिलेला असा कागद त्यांच्या हाती पहिल्यांदाच पडला, आणि तोवर त्यांनी सत्तरच्या वर हप्ते भरले होते. आज इथे ज्यांच्याकडे कर्जाची कागदपत्रे आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. अहवालाची मागणी करणारे अर्ज आपण इथेच बसून लिहून काढू.