लहान मुलांचा हात-पाय-तोंड रोग



दोन-अडीच वर्षांचे मूल एकाएकी तापाने फणफणते. एक-दोन दिवसांत घास तोंडाजवळ नेताच ते रडू लागते. जिभेवर व गालांच्या आतील बाजूस फोड दिसतात; तळहात, तळपाय व कुल्ल्यांवर लालसर पुरळ उमटते. घरातील वडीलधाऱ्यांना कांजिण्यांची शंका येते. परंतु कांजिण्यांचे फोड मुख्यत्वे छाती, पोट व पाठीवर असतात. हा रोग निराळा आहे.

नावातील साम्यामुळे गुरांच्या लाळ-खुरकत रोगाशीही त्याची गल्लत होते. वस्तुतः दोहोंचे विषाणू भिन्न आहेत. गोठ्यातील जनावरांपासून हा रोग मुलांना होत नाही. कॉक्ससॅकी गटातील विषाणू व एन्टेरोव्हायरस ७१ ही त्याची प्रमुख कारणे होत. २०२२ साली केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याचा गवगवा झाला, तो तपासणीअंती हाच रोग ठरला. टोमॅटोशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

बहुतेक मुले सात ते दहा दिवसांत बरी होतात. विषाणूजन्य रोग असल्याने प्रतिजैविके येथे निरुपयोगी ठरतात. खरा धोका असतो तो तोंड झोंबते म्हणून मूल पाणी पिणे सोडते, याचा. यास्तव त्यास गार दूध, पातळ पेज, शहाळ्याचे पाणी घोटाघोटाने वारंवार द्यावे; तान्ह्यास अंगावर पाजणे चालूच ठेवावे. तिखट व आंबट टाळावे. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. मूल सहा-आठ तास लघवीला गेले नाही, ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, सतत उलट्या झाल्या, ते ग्लानीत गेले किंवा अंगाला झटके येऊ लागले, तर त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

लाळ, शेंबूड, फोडांतील पाणी व विष्ठा यांवाटे हा रोग पसरतो. मूल बरे झाल्यावरही विष्ठेतून काही आठवडे विषाणू बाहेर पडत राहतात. म्हणून मुलाची शी धुतल्यावर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुण्याची शिस्त त्यानंतरही सोडू नये. ताप उतरून फोड सुकेपर्यंत मुलास अंगणवाडीत पाठवू नये. सेविकांनी व शिक्षकांनी खेळणी धुवून ब्लीचिंग पावडरच्या सौम्य द्रावणाने निर्जंतुक करावीत व पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावीत. पाण्याचे पेले वेगळे ठेवावेत.

काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखे गळतात. पालकांनी घाबरू नये. ती पुन्हा येतात. या रोगात कोणाचा कोप नाही की कोणाचा दोष नाही. वेळेवर पाजलेले पाणी आणि धुतलेले हात, हेच त्यावरचे खरे उपाय होत.