टाळी कुठे पडते?

गणपती विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. आमच्या पूर्णगडात ती मुचकुंदीच्या खाडीकडे उतरते. पुढे बेंजो, मागे मुंबईहून आलेले चाकरमानी. मध्येच बेंजोवाला 'अलबेला' चित्रपटातली चाल काढतो आणि गुडघे धरून चालणारे आजोबासुद्धा भगवानदादांसारखे पाय टाकू लागतात. आज मला तुम्हाला त्या चालीच्या आजोळी न्यायचं आहे. ते आजोळ आहे अमेरिकेत, कृष्णवर्णीय माणसांच्या वस्तीत.

पण आधी हाताला थोडं काम देऊ. तोंडाने सावकाश म्हणा : एक, दोन, तीन, चार. भजनात आपली जोराची टाळी एकवर पडते. सम आली की झांजही तिथेच वाजते आणि मानही तिथेच हलते. आता एकवर फक्त पाय आपटा आणि टाळी दोनवर द्या. तीनवर पुन्हा पाय, चारवर टाळी. हात अडखळला ना? अडखळू द्या. आज मी जे संगीत सांगणार आहे, त्याचा जीव या दोन आणि चारवर आहे.

ही टाळी आली कुठून? १७३९ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. मालक घाबरले. ढोलाच्या आवाजावर निरोप जातात, माणसं गोळा होतात, हे त्यांना कळलं होतं. पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांनी ढोलावर बंदी घातली. ढोल काढून घेतला, पण अंग कसं काढून घेणार? पाय जमिनीवर आपटू लागले, हात मांडीवर आणि छातीवर पडू लागले. पायाने खालचा घुमारा, टाळीने वरचा ठणका. रविवारच्या प्रार्थनेतही तीच टाळी वाजू लागली.

दुसरी गोष्ट ऐकायची ती झील. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. रापण ओढताना एक जण आवाज देतो आणि सगळे मिळून दोराला हात घालतात. कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांचंही तसंच होतं. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. पुढे शेतातली माणसं गेली, पण उत्तर देण्याची सवय वाद्यांना लागली. गायिका ओळ संपवून श्वास घेते, तेवढ्यात ट्रंपेट तिला उत्तर देतो. त्या श्वासाच्या जागेकडे कान ठेवा. उत्तराची हीच रीत आपल्या जाखडीतही आहे : शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक शाहीर टोमणा मारतो आणि दुसरा काव्यातच परतवतो. १९७३ नंतर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जे रॅप वाढलं, त्यातली चढाओढ आपल्या जाखडीवाल्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट गंधाराची. बेसी स्मिथ या गायिकेची १९२३ पासूनची ध्वनिमुद्रणं आहेत. त्यातलं कुठलंही लावा. तिचा गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. बेसूर म्हणून बंद करू नका. तो स्वर पेटीवर सापडणार नाही, कारण तिथे त्याची पट्टीच नाही. पियानोवाल्याचीही तीच अडचण. तो शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून त्यांच्या घासण्यातून मधल्या स्वराचा भास करतो. ट्रंपेटवाला ओठांनी स्वर वाकवतो. मींड ऐकलेल्या कानाला हे परकं वाटायला नको. या संगीताला ब्लूज म्हणतात, आणि त्याचं दुःख शब्दांच्या आधी या वाकलेल्या स्वरात येतं.

आता या टाळीने अमेरिकेचं काय केलं ते पाहू. तिथल्या गुलामीची जाण आपल्याकडेही होती : जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. १८६५ साली तिथली गुलामी कायद्याने संपली होती, पण दक्षिणेत शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, गाडीतली जागा वेगळी राहिली. तिथून १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख माणसं शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांकडे गेली. कोकणातला माणूस गिरणीत गेला, तसाच हा प्रवास. आपल्या माणसाने बरोबर भजन आणि नमन नेलं, त्यांनी ब्लूज नेला.

मग रेडिओ आला. लाटांना कोण कोणाच्या घरात शिरतंय ते कळत नाही. गोऱ्या घरांतली मुलं रात्री आवाज बारीक करून कृष्णवर्णीयांची गाणी ऐकू लागली. दक्षिणेतल्या काही नाचघरांत मधोमध दोर बांधून गोरे एकीकडे आणि काळे दुसरीकडे ठेवत. गाणं रंगलं की दोर बाजूला पडे आणि सगळे एकत्र नाचत.

पण गाणं आवडलं म्हणून गाणाऱ्याला ओसरीवर घेतलं, असं मात्र झालं नाही. ज्या हॉटेलात बँड वाजवायचा, तिथे वादकांना खोली मिळत नसे. म्हणून लुई आर्मस्ट्राँगचं मोल मोठं. १९५७ साली लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत शिरू दिलं नाही, तेव्हा जगभर हसतमुख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ट्रंपेटवाल्याने सरकारतर्फे रशियाला जायचं नाकारलं. समान हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग बोलले, आणि त्याच व्यासपीठावर चर्चची गाणी गाणारी महालिया जॅक्सन गायली. चर्चमधली टाळी आता राजधानीत वाजत होती.

तीच टाळी आपल्याकडे आली बोटीने. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. गोव्याचे वादक त्यांना ऐकत. चर्चच्या शाळेत शिकल्यामुळे त्यांना कागदावरचे स्वर वाचता येत होते, आणि कागदावर न मावणारा झोका ते कानाने उचलत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रंपेट असा वाजवी की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

असे वादक रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. तिथे त्यांना पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर भेटले, म्हणजे आपले सी. रामचंद्र. १९५१ च्या 'अलबेला'त चाल या मराठी माणसाची, ट्रंपेट गोव्याचा आणि पडद्यावर गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. एका गाण्यात खुद्द चिक चॉकलेट आपल्या बँडसह दिसतात. पुढे १९५७ च्या 'आशा'मध्ये किशोरकुमारांचं निरर्थक बोलांचं गाणं आलं. त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्दही घुसले आहेत. आर्मस्ट्राँग असे बोल गात असे. आपल्याकडे तराणा आहेच.

तर या गणपतीत बेंजोच्या मागे उभे राहा. एकवर पाय, दोनवर टाळी. सगळ्याच चालींना ती बसणार नाही, पण 'अलबेला' लागला की करून बघा. शेजारचा म्हणेल, "अरे, टाळी चुकतेय तुझी." चुकू द्या. खाडीपर्यंत अजून वाट आहे. तेवढ्या वेळात त्याला त्या काढून घेतलेल्या ढोलाची गोष्ट सांगा.